दोष कोठें आहे?

गृहस्थाश्रमास पूर्वीं तीन गोष्टींची चिंता असे : विहिरीचें पाणी, कोठींतलें धान्य आणि समईंतलें तेल. या तिहींपैकीं एक जरी आटलें, तरी घराचा सारा व्यवहार अडून बसे. हल्लींच्या गृहस्थाश्रमास चौथी एक चिंता येऊन चिकटली आहे. ती इंटरनेटच्या जोडणीची. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें ही सोय आपल्या देशांत सामान्य जनतेस खुली केली, तेव्हां ती हौशी लोकांची चैन होती. २५ मार्च २०२० पासून साथीमुळें सारा देश घरांत कोंडला गेला आणि असंख्य लोकांच्या कचेऱ्या रातोरात त्यांच्या माजघरांत येऊन बसल्या. साथ गेली, परंतु पुष्कळ घरांतून कचेरी अद्याप गेलेली नाहीं. अशा घरांत जोडणी तुटली म्हणजे केवळ करमणूक तुटत नाहीं, कोणाच्या तरी मिळकतीस धक्का बसतो. आणि त्याहून वाईट गोष्ट अशी कीं, तिच्या पाठोपाठ घरांतील माणसांचीं मनेंहि तुटूं लागतात.

हा विषय घेण्यास निमित्त एका वाचक भगिनीच्या पत्राचें. नांवगांव न देतां त्यांतील मजकूर थोडक्यांत सांगतों. घर जुन्या वाड्यांतलें, माणसें नऊ. या भगिनी एका परदेशी पेढीचें हिशेबाचें काम घरून करतात व त्यांच्या बैठका आपल्याकडील सायंकाळीं सात ते नऊ या वेळांत असतात. दिवसभर सारें सुरळीत चालतें. परंतु सात वाजले कीं त्यांचा आवाज पलीकडे तुटक ऐकूं जातो. पलीकडच्या मंडळींचें बोलणें मात्र यांना स्पष्ट ऐकूं येतें. सासूबाईंचें मत असें कीं, सूनबाईंचा लॅपटॉप बिघडला आहे. मामंजींचें मत असें कीं, नातू मोबाईलवर खेळतो तो खेळच सगळी जोडणी खाऊन टाकतो; सबब दोन आठवडे त्याचा खेळ बंद आहे आणि त्यानें आजोबांशीं बोलणेंहि बंद केलें आहे. भाऊजींनीं मोबाईलवर वेग मोजला, तो ४८ निघाला. तेव्हां त्यांचा निकाल असा कीं, जोडणींत दोष नाहीं, वहिनींचेंच कांहीं तरी चुकत असेल. इकडे वरिष्ठांनीं लेखी कळविलें आहे कीं, महिन्याच्या आंत सुधारणा न झाल्यास रोज कचेरींत हजर व्हावें लागेल. घरांत आजेसासूबाई अंथरुणास खिळलेल्या. त्यांचें औषधपाणी या भगिनीच पाहतात. पत्राच्या शेवटीं प्रश्न एकच आहे : ‘यांत दोष माझा आहे काय?’

प्रश्न या शब्दांत विचारावा लागला, हेंच माझ्या मतें त्या घराचें खरें दुखणें आहे. दोषी कोण हें तिघांनीं तीन तऱ्हांनीं ठरविलें. दोष कोठें आहे हें मात्र एकानेंहि शोधिलें नाहीं. मी शाळामास्तर; यंत्रविद्या हा माझा प्रांत नव्हे. परंतु मुलांच्या गणिताच्या वह्या तपासण्यांत आयुष्य गेलें. उत्तर चुकलें एवढें सांगून लाल रेघ ओढणारा मास्तर कांहींच शिकवीत नाहीं. कोणत्या पायरीपर्यंत गणित बरोबर आहे आणि कोणत्या पायरीवर तें घसरलें, हें जो दाखवितो तोच शिकवितो. इंटरनेटच्या दुखण्यासहि नेमकी हीच रीत लागू पडते, आणि त्यासाठीं यंत्रविद्येपेक्षां धिमेपणाचीच गरज अधिक असते.

प्रथम पायऱ्या मोजूं. आपण घरांत उच्चारलेला शब्द परदेशच्या माणसाच्या कानीं पडण्यापूर्वीं सहा मुक्काम करतो. पहिला, आपला लॅपटॉप किंवा मोबाईल. दुसरा, तेथून राउटरपर्यंतची हवेंतील वाट, जिला वायफाय म्हणतात. तिसरा, राउटर स्वतः. चौथा, घरापासून कंपनीच्या केंद्रापर्यंत गेलेली तार. पांचवा, ती कंपनी व तिच्यापुढील देशोदेशींचा मार्ग. सहावा, ज्या ठिकाणाशीं आपल्यास काम आहे तें ठिकाण. दोष या सहांपैकींच कोठें तरी असणार. आणि तो कोठें आहे हें ठरविण्यास आपल्या नैयायिकांनीं फार पूर्वीं एक साधन देऊन ठेविलें आहे. त्याचें नांव अन्वयव्यतिरेक. एक गोष्ट असली कीं दुसरी असते, हा अन्वय. ती काढून घेतली कीं दुसरीहि नाहींशी होते, हा व्यतिरेक. दोनही जुळले तर कार्यकारणसंबंध मानावा. एकच जुळला तर तो कावळा बसला आणि फांदी मोडली यांतला प्रकार समजावा.

हें साधन हातीं घेऊन वरील पत्रच पुन्हा वाचून पाहावें. नातवाचा खेळ दोन आठवडे बंद आहे आणि आवाज तरीहि तुटतोच आहे. म्हणजे व्यतिरेकाची परीक्षा त्या घरांत न कळत होऊन गेली आहे व मुलगा तींत निर्दोष ठरला आहे. फक्त निकाल कोणीं वाचला नाहीं. असले खेळ चालू असतांना सहसा एका सेकंदास एक मेगाबिटहि वापरीत नाहींत; खेळाची नवी आवृत्ति उतरवून घ्यावयाची असते तेव्हांच ते जोडणी अडवितात. तीच गत लॅपटॉपची. जो लॅपटॉप सकाळपासून संध्याकाळपर्यंत नीट चालतो, तो घड्याळाकडे पाहून सात वाजतां बिघडणें संभवत नाहीं. राहिला भाऊजींचा आकडा. तो खरा आहे; परंतु तो ज्या प्रश्नाचें उत्तर आहे तो प्रश्न निराळा आहे.

हें समजण्यास वेगाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. जोडणी ही येण्याजाण्याच्या दोन निरनिराळ्या वाटांची मिळून झालेली असते. बाहेरून घरांत येणारा मजकूर एका वाटेनें येतो, तिला डाउनलोड म्हणतात. घरांतून बाहेर जाणारा दुसरीनें जातो, तिला अपलोड म्हणतात. कांचतंतूच्या नव्या जोडण्यांत दोन्ही वाटा पुष्कळदां सारख्याच रुंद असतात. परंतु तांब्याच्या तारेच्या किंवा टीव्हीच्या केबलवरून आलेल्या जुन्या जोडण्यांत येण्याची वाट राजरस्त्याएवढी, तर जाण्याची बोळाएवढी असते. येण्याचा वेग ५० असतांना जाण्याचा ५ असणें हें त्यांत मुळींच नवल नाहीं. बिलावर व जाहिरातींत मोठा आकडा छापलेला असतो. लहान आकडा विचारल्याशिवाय कळत नाहीं. एका माणसाच्या चित्रासह संभाषणास जातां-येतां प्रत्येकीं दोन ते चार मेगाबिट पुरतात. आपल्या भगिनींस दुसऱ्याचें स्पष्ट ऐकूं येतें, म्हणजे येण्याची वाट मोकळी आहे. त्यांचें दुसऱ्यास ऐकूं जात नाहीं, म्हणजे जाण्याची वाट तुंबली आहे. भाऊजींनीं राजरस्ता मोजला आणि बोळ तसाच राहिला.

मग सात वाजतां त्या बोळांत कोण शिरतें? कामावर गेलेलीं माणसें त्या सुमारास घरीं परततात, आणि त्यांच्या खिशांतील मोबाईलहि परततात. दिवसभर काढलेलीं छायाचित्रें व चलच्चित्रें दूरच्या साठवणींत आपोआप पाठविण्याची, म्हणजे बॅकअपची, सोय हल्लींच्या मोबाईलमध्यें असते. आणि पैसे वांचावे म्हणून ती बहुधा घरच्या वायफायची वाट पाहत बसते. उंबरठा ओलांडला कीं ती मुकाट्यानें कामास लागते. मोबाईलच्या धन्यासहि त्याची वार्ता नसते. आतां थोडें त्रैराशिक करूं. एका मिनिटाचें चलच्चित्र १०० मेगाबाइटांच्या आसपास भरतें. एका बाइटाचे आठ बिट; तेव्हां पांच मेगाबिटांच्या वाटेनें एका सेकंदास जेमतेम पाऊण मेगाबाइटाहूनहि कमी, म्हणजे ०.६२५ मेगाबाइट जातो. पांच मिनिटांचें चलच्चित्र, अर्थात् ५०० मेगाबाइट, बाहेर जाण्यास ८०० सेकंद लागतात; म्हणजे सव्वातेरा मिनिटांहून किंचित् अधिक काळ तो बोळ एकट्या त्याच गाडीनें अडविला. असे तीन-चार मोबाईल एकदम घरीं आले, तर सात ते नऊ हा काळ कसा जात असेल याचा हिशेब वाचकांनींच करावा.

मी येथें बसून निकाल देत नाहीं. परीक्षा तेवढी सांगतों. एके दिवशीं बैठक चालू असतां सर्वांनीं आपापल्या मोबाईलचें वायफाय पंधरा मिनिटें बंद ठेवावें. आवाज सुधारला, तर एकेक मोबाईल पुन्हा जोडीत जावें आणि कोणता जोडल्यावर आवाज तुटतो तें पाहावें. दुसऱ्या दिवशीं तीच परीक्षा पुन्हा करावी. कारण एकदां जुळलें तें काकतालीयहि असूं शकतें. दोष असा सांपडला तर उपाय सोपे आहेत. बॅकअप बैठकीच्या वेळेपुरता थांबवावा. अथवा पुष्कळ राउटरांत एखाद्या यंत्रास अग्रमान देण्याची सोय असते, ती लॅपटॉपसाठीं वापरावी. अथवा दोन्ही वाटा सारख्या असलेली कांचतंतूची जोडणी घ्यावी. आणि मुलास त्याचा खेळ परत द्यावा. तो देतांना आजोबांनीं दोन गोड शब्दहि बोलावे, हें सांगण्याची गरज नसावी.

इतर घरांतील दुखणीं याहून निराळीं असतात. म्हणून आतां सर्वांनाच लागू पडेल असा क्रम सांगतों. सुई आणि कढई अशीं दोन कामें लोहाराकडे आलीं, तर तो सुई आधीं करून देतो; हा सूचीकटाहन्याय. सोपी परीक्षा आधीं, अवघड मागाहून.

सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे एक प्रश्न : अडचण एकाची आहे कीं सर्वांची? एकाच यंत्राचें अडलें असून बाकीचीं चालत असतील, तर राउटरला व कंपनीला मुळींच हात लावूं नये; दोष पहिल्या मुक्कामावर आहे. तें यंत्र एकदां बंद करून उघडावें; वायफायची ओळख विसरावयास लावून पुन्हा करून द्यावी; पाठीमागें आपोआप नवीं आवर्तनें उतरविणें चालू आहे काय तें पाहावें. त्याच यंत्रावर बाकी सर्व चालून फक्त कचेरीचें काम अडत असेल, तर कचेरीनें दिलेला व्हीपीएन नांवाचा खासगी मार्ग किंवा कचेरीचें दूरचें यंत्रच अडलें असण्याचा संभव मोठा. तेथें घरच्या माणसांवर रागावणें व्यर्थ आहे. कचेरीच्या तंत्रविभागासच फोन करावा.

सर्वांचेंच अडलें असेल, तर राउटरकडे जावें. परंतु जातांच त्याचें बटण दाबूं नये. राउटर बंद करून पुन्हा चालू करणें हा घरोघरचा रामबाण उपाय झाला आहे. उपाय वाईट नाहीं, गुणहि येतो. परंतु वैद्य मात्रा देण्यापूर्वीं नाडी पाहतो. डब्यावरचे दिवे ही त्याची नाडी होय. बटण दाबल्याबरोबर ती नाडी पुसली जाते आणि दोष कोठें होता याचा पुरावा नाहींसा होतो. आधीं दिवे पाहावे, मोबाईलवर त्यांचें छायाचित्र घ्यावें, मग डबा बंद करून अर्धा मिनिट थांबावें, आणि चालू केल्यावर दोन-तीन मिनिटें धीर धरावा. हा उपाय रोज करावा लागत असेल, तर तो उपाय राहिला नाहीं, लक्षण झालें. डबा बंद कपाटांत तापत असेल किंवा त्याचा विजेचा अडॅप्टर जुना झाला असेल.

कांचतंतूच्या डब्यावर ‘पॉन’ नांवाचा दिवा हिरवा स्थिर असावा आणि ‘एल-ओ-एस’ या अक्षरांचा दिवा विझलेला असावा. हा दुसरा दिवा तांबडा लागला कीं त्याचा अर्थ असा : केंद्राकडून येणारा प्रकाशच घरापर्यंत पोंचत नाहीं, दोष चौथ्या मुक्कामावर आहे. प्रकाश म्हणण्याचें कारण असें कीं, या तंतूंतून वीज जात नसून खरोखरच प्रकाश जातो. कांचेच्या आंतल्या भिंतीवर आदळून तो पुन:पुन्हा आंतच परावर्तित होतो व असा मैलोगणती धांवतो. तंतूंच्या जुडग्यांतून चित्र नेण्याचा प्रयोग पंजाबांतील मोगा येथें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं हॉपकिन्स यांच्याबरोबर लंडन येथें करून १९५४ सालीं प्रसिद्ध केला. आणि कांच पुरेशी शुद्ध केल्यास हा प्रकाश फार लांबवर नेतां येईल हें चार्ल्स काव यांनीं १९६६ सालीं दाखविलें, ज्याबद्दल त्यांस २००९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. घरापुरता यांतून घ्यावयाचा धडा एकच. तंतूस तीव्र वळण दिलें कीं प्रकाश वळणावर बाहेर निसटतो. म्हणून त्याचें वेटोळें बांगडीहून लहान करूं नये. त्यावर कपाट सरकवूं नये. दाराच्या फटींत तो चेपूं देऊं नये. उरलेला तंतु खिळ्यास गांठ मारून टांगूं नये. तसेंच तुटलेल्या टोकास कोणी डोळा लावून पाहूं नये. तो प्रकाश अदृश्य असतो, पण डोळ्यास अपायकारक असतो. मुलांस हें मुद्दाम बजावून ठेवावें.

तांबडा दिवा दिसल्यावर शेजाऱ्यास एक हांक मारावी. केंद्राकडून आलेला एक तंतु वाटेंत फांटे फोडून ३२ किंवा ६४ घरांस दिलेला असतो. त्याच कंपनीच्या शेजाऱ्याचेंहि बंद असेल, तर दोष आपल्या उंबरठ्याबाहेरचा. एकट्या आपलेंच बंद असेल, तर आपल्याकडे आलेला तंतु किंवा त्याचें टोक पाहणें प्राप्त आहे.

दिवे सर्व ठीक, तरी वेग मंद असें पुष्कळदां होतें. तेव्हां दुसऱ्या मुक्कामाचा संशय घ्यावा. लॅपटॉप उचलून राउटरपाशीं न्यावा व नेटवर्कच्या तारेनें त्याला जोडावा. तारेनें चाललें आणि वायफायनें चाललें नाहीं, तर दोष हवेंत आहे. कंपनीला बोल लावण्यांत अर्थ नाहीं. वायफायच्या लहरी मुख्यतः दोन जातींच्या. २.४ गिगाहर्ट्झची लहर दूर जाते व भिंतींतून बरी पार होते. परंतु तिचा वेग कमी व गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीपुढें लवकर हार खाणारी. वाड्याच्या दोन-दोन फूट जाडीच्या भिंती, सिमेंटांतील लोखंडी सळ्या, लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी, स्वयंपाकघरांतील पितळी-स्टीलच्या भांड्यांची मांडणी हीं सर्व या लहरींचीं वैरी आहेत. असें असतां राउटर ठेवतात कोठें? तर टीव्हीच्या पाठीमागें, कोनाड्यांत, नाहीं तर बुटांच्या कपाटांत, कारण तो डोळ्यांस बरा दिसत नाहीं म्हणून! त्याची जागा घराच्या मध्यावर, छातीएवढ्या उंचीवर, मोकळ्यावर असावी. मायक्रोवेव्ह ओव्हनहि २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच काम करतो. सबब ओव्हन चालू असतां २.४ च्या लहरीवरील बोलणें तुटत असेल, तर ५ च्या लहरीवर जावें किंवा बैठकीपुरता ओव्हन थांबवावा. दाट वस्तींत शेजारपाजारचे राउटर एकमेकांच्या पायांत पाय घालतात. २.४ च्या लहरींत १, ६ व ११ हेच तीन मार्ग एकमेकांस न अडखळणारे आहेत. त्यांपैकीं मोकळा असेल तो निवडावा.

परंतु जिच्यावर पोट अवलंबून आहे त्या खोलीपर्यंत शक्य तर तारच न्यावी. ‘कॅट ५ ई’ या जातीची तार शंभर मीटरपर्यंत एक गिगाबिट वेग देते. तिला भिंतीची, ओव्हनची वा शेजाऱ्याची पर्वा नसते. वाड्याच्या मागील खोलींत बसून ज्यांना काम करावें लागतें, त्यांच्यासाठीं याहून स्वस्त व याहून खात्रीचा उपाय मला ठाऊक नाहीं.

ज्या घरांत लॅपटॉपची थोडी माहिती असलेला तरुण मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनीं आणखी एक परीक्षा शिकून घ्यावी. तिला ‘पिंग’ म्हणतात. ही म्हणजे दारावर टकटक करून आंतून ओ येण्यास किती वेळ लागतो तें मोजणें होय. पहिली टकटक राउटरच्या दारावर. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. येथें उत्तर थोड्याशा मिलिसेकंदांत व नियमितपणें आलें पाहिजे. कधीं २ तर कधीं ३०० असें येत असेल तर दोष हवेंत. दुसरी टकटक घराबाहेर, ८.८.८.८ या पत्त्यावर. राउटर उत्तर देतो आणि हा देत नाहीं, तर दोष तारेंत किंवा कंपनींत. तिसरी टकटक एखाद्या संकेतस्थळाच्या नांवावर. आंकड्याच्या पत्त्यास उत्तर येतें पण नांवास येत नाहीं, तर नांवावरून पत्ता शोधून देणारी जी डीएनएस नांवाची पोथी, ती हरवली आहे असें समजावें. राउटरांत किंवा लॅपटॉपमध्यें ८.८.८.८ अथवा १.१.१.१ ही दुसरी पोथी लावून द्यावी. मात्र दूरच्या देशाकडून उत्तर उशिरा आलें तर तो दोष नव्हे. कांचेंत प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर असतो. हजार किलोमीटर जाऊन परत येण्यास दहा मिलिसेकंद लागणारच. पुण्याहून न्यूयॉर्कला हांक मारून ओ येण्यास सुमारें २०० मिलिसेकंद लागतात, तीं कोणत्याहि तक्रारीनें कमी होत नाहींत.

कधीं कधीं दोष घरापासून फारच दूर असतो. ३० जानेवारी २००८ रोजीं ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या तारा तुटल्या आणि हिंदुस्थानांतील कचेऱ्यांचें काम मंदावलें. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्रीं फेसबुक व व्हॉट्सॲप हीं सुमारें सहा तास जगभर बंद पडलीं. कारण त्या कंपनीच्या स्वतःच्या मार्गदर्शक यंत्रणेंत चूक झाली होती. त्या रात्रीं किती घरांत राउटर बंद-चालू झाले असतील आणि किती मुलांनीं बोलणीं खाल्लीं असतील! एकच ठिकाण उघडत नाहीं आणि बाकीचीं दहा उघडतात, तेव्हां दोष सहाव्या मुक्कामावरचा. तेथें वाट पाहणें हाच पुरुषार्थ.

विजेविषयीं एक सूचना. कांचतंतूस वीज लागत नाहीं. म्हणून घरची वीज गेली तरी, कंपनीच्या केंद्राकडील वीज चालू असल्यास, जोडणी जिवंतच असते. आपला डबा मात्र विझतो. बारा व्होल्टांच्या डब्यास पुरेल एवढी छोटी बॅटरी बाजारांत मिळते. डबे दोन असल्यास दोघांसहि ती पुरवावी. एकासच दिली तर उपयोग नाहीं. आणि वळवाच्या पावसांत विजा कडाडूं लागल्या म्हणजे डब्याचा प्लग काढून ठेवावा. कांच वीज वाहून आणीत नाहीं, पण भिंतींतील विजेची तार आणते.

आतां शेवटची व माझ्या मतें सर्वांत मोलाची गोष्ट. राउटरजवळ खिळ्यास एक वही टांगावी. तींत पांच रकाने आंखावे : तारीख व वेळ, अडचण एकाची कीं सर्वांची, दिवे कसे होते, तारेनें चाललें कीं नाहीं, आणि कशानें सुधारलें. पंधरा दिवसांच्या नोंदी झाल्या कीं त्या स्वतःच बोलूं लागतात : रोज रात्रीं नऊनंतर, सर्वांचें, तारेनेंसुद्धां, अशी ओळ पुन:पुन्हा आली, तर दोष कंपनीच्या गर्दीचा; फक्त मागच्या खोलींत, फक्त वायफायवर, अशी आली, तर भिंतीचा. कंपनीस तक्रार करतांना ‘नेट चालत नाहीं’ असें मोघम न सांगतां या नोंदी वाचून दाखवाव्या आणि तक्रारीचा क्रमांक मागून त्याच वहींत लिहून ठेवावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणें प्रत्येक कंपनीस तक्रार-केंद्र व त्यावर अपील ऐकणारा अधिकारी ठेवावा लागतो. केंद्रानें दाद दिली नाहीं, तर त्या क्रमांकाच्या आधारें अपील करतां येतें. तोंवर बैठक बुडूं नये म्हणून घरांतील एखाद्या मोबाईलवर निराळ्या कंपनीचें कार्ड असावें; अडचणीच्या वेळीं त्याचें हॉटस्पॉट उपयोगी पडतें.

अविभक्त कुटुंबांत एक विहीर नऊ माणसें वापरतात, तेव्हां पाणी कमी पडलें कीं जो शेवटीं पोहरा सोडतांना दिसला त्याच्यावर ठपका येतो. विहिरींत डोकावून पाहण्याचे श्रम मात्र कोणी घेत नाहीं. ज्या सुनेचें काम दार लावून चालतें आणि ज्या मुलाचें खेळणें सर्वांच्या डोळ्यांवर येतें, तीं दोघें असा ठपका घेण्यास नेहमींच सोयीचीं असतात. म्हणून वडीलधाऱ्या मंडळींस माझी विनंति आहे कीं, ‘हें कोणीं केलें?’ असा प्रश्न जिभेवर येईल तेव्हां तो तेथेंच थांबवावा, आणि त्याऐवजीं ‘हें कोठें अडलें?’ असें विचारावें. पहिल्या प्रश्नानें घर दोन बाजूंस वांटलें जातें. दुसऱ्यानें तीं नऊ माणसें एकाच बाजूस येऊन उभीं राहतात, आणि दोष तेवढा पलीकडे एकटा उरतो.